पळणारी आणि उभी

सकाळी सव्वासात वाजता भिंगरीचा बाबा खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघाला, तर पॅसेजच्या टोकाला बायको कॅमेरा डोळ्याला लावून उभी. तो जागच्या जागी थांबला.

“उभी,” हॉलमधल्या खुर्चीतून आजोबांचा आवाज आला.

टक. कॅमेऱ्याने एकच फोटो काढला. सुटलो, असं समजून तो न्हाणीघराच्या दिशेने सटकला.

“पळणारी.”

टक, आणि मागोमाग खडखडखडखड. टॉवेल सावरत पळणाऱ्या एका सज्जन गृहस्थाचे चौदा फोटो निघाले.

“निदान पळणारा तरी म्हणा,” तो आतून म्हणाला.

“दोन पूर्णांक आठ,” आजोबांनी हातातलं स्टॉपवॉच सुनेला दाखवलं. “काल तीनच्या वर होतीस. पण अंगठा अजून चाचपडतोय.”

“चाचपडतोय खरा, अप्पा,” भिंगरीची आई म्हणाली. तिने कॅमेरा खाली घेतला, पट्टा मानेभोवती नीट आहे ना ते पाहिलं, लेन्सला झाकण लावलं, लावलेलं झाकण पुन्हा दाबून पाहिलं, आणि मग तिला आठवलं की गॅसवर दूध आहे. होतं, असं म्हणायला हवं.

हे सगळं चाललं होतं ते भिंगरीच्या पायांसाठी. भिंगरी तिसरीत. खेळाच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की माणूस पळतो तेव्हा एक क्षण असा येतो, की त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नसतात. भिंगरीला ही बातमी इतकी आवडली की ती ऐकल्यापासून ती जिना उतरताना पायांकडेच बघायची, आणि आईचा जीव खाली-वर व्हायचा. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मात्र ते मुळीच पटलं नाही. ही मैत्रीण खालच्या मजल्यावर राहायची आणि कशालाही “कशावरून?” विचारायची, म्हणून घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत.

“दोन्ही पाय वर गेले तर माणूस पडेल,” वकीलबाईंचं म्हणणं. “सर उगाच सांगतात.”

प्रकरण पैजेवर गेलं. शाळेच्या क्रीडादिनी भिंगरीचा पळताना फोटो काढायचा. दोन्ही पाय हवेत दिसले, तर बाकावरची खिडकीजवळची जागा वर्ष संपेपर्यंत भिंगरीची. नाही दिसले, तर वकीलबाईंची. खिडकीतून समोरच्या गॅरेजमधली मांजरीची पिल्लं दिसायची, त्यामुळे जागेला भाव होता.

“आई, फोटो तू काढशील ना?”

“काढेन की. त्यात काय मोठंसं?” आई सहज म्हणाली, आणि त्या क्षणापासून तिला घास गोड लागेना. कारण गेल्या वर्षीचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये अजून होता. तिने बटण वेळेवर दाबलं होतं. मोबाइलने जरा विचार केला होता. फोटोत मोकळी धावपट्टी आली, आणि उजव्या कडेला वेणीचं टोक. घरच्या ग्रुपवर तो टाकल्यावर भिंगरीच्या आत्याने विचारलं होतं, “मैदान छान आहे. भिंगरी कुठेय?”

म्हणून भिंगरीच्या काकाला बोलावणं गेलं. काका वर्तमानपत्रासाठी सामन्यांचे फोटो काढायचा. त्याने आपला जुना, पण पायलीभर वजनाचा कॅमेरा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि भिंगरीच्या आईने त्याच्याखाली घाईने घडी घातलेला टॉवेल सरकवला.

“वहिनी, घाबरायचं काही नाही. वर ही तबकडी आहे ना, तिच्यावर एक आणि दोन असे आकडे आहेत. एकवर मी उभ्या माणसाचं सगळं लावून ठेवलंय. निवांत, एका वेळी एक फोटो. दोनवर पळणाऱ्याचं. सेकंदाचे हजार तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलायचा, असं समजा. बोट दाबून धरलं की फोटोच फोटो.”

“आणि चुकून उलटं झालं तर?”

“सावलीतला उभा माणूस दोनवर काढलात, तर काळोख येईल. पळणारा एकवर काढलात, तर भूत.”

“भूत म्हणजे?”

“म्हणजे चुकू नका.”

“मग मी दोनवरच ठेवते ना कायमचा. माझी मुलगी पळणारच आहे.”

“ठेवा. पण बक्षीस मंडपात देतात, सावलीत. तिला बक्षीस मिळालं तर?”

भिंगरीला आजवर पळण्याचं एकही बक्षीस मिळालं नव्हतं. गेल्या वर्षी सहांत ती पाचवी आली होती, आणि सहावीच्या पायात क्रॅम्प आला होता. पण असं काही आईला तोंडाने म्हणवेना. “तेही खरंच,” ती म्हणाली. “मिळालंच तर, काळोख नको.”

मग काकाने तबकडीच्या कडेवर, दोनच्या आकड्याशी, नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. वाळल्यावर तो बोटाला लागायचा. “डोळा कॅमेऱ्यावरून काढायचा नाही. अंगठ्याने चाचपायचं. थेंब लागला की पळणारी, नाही लागला की उभी. सराव मात्र हवा. मला सहा महिने लागले होते.”

“आपल्याकडे सहा दिवस आहेत,” आजोबा म्हणाले, आणि उठून कपाटातलं स्टॉपवॉच घेऊन आले.

आजोबांनी बत्तीस वर्षं छापखान्याच्या मशीनरूममध्ये काढली होती. चार यंत्रं एकदम धडधडत असताना पलीकडच्या माणसाला हाक ऐकू गेली पाहिजे, असा आवाज त्यांनी तिथे कमावला होता. निवृत्त झाल्यावर यंत्रं मागे राहिली, आवाज घरी आला. स्टॉपवॉचही तिथलंच. एवढी वर्षं दोघांनाही काही काम नव्हतं.

घरातला माणूस हलला की “पळणारी”, थांबला की “उभी”. सुनेने डोळा न काढता तबकडी फिरवायची, फोटो घ्यायचा. आजोबांनी वेळ मोजायची. दूधवाला झाला, बाबा झाला, खालचा कुत्रा झाला. पहिले दोन दिवस भिंगरीच गोंधळ घालायची. जिन्यावरून धावत येताना “उभी” ऐकू आलं की ती पायरीवर पुतळ्यासारखी थांबायची.

“अगं, तू नाही थांबायचंस,” आजोबांनी तिला समजावलं. “हा हुकूम आईच्या अंगठ्याला आहे. तू आपली पळत राहा. मी काहीही ओरडलो तरी तुझा त्याच्याशी संबंध नाही.”

भिंगरीला ते एकदम पटलं. आजोबा काहीही ओरडले तरी आपला संबंध नाही, हे आजी तिला लहानपणापासून सांगतच होती.

सरावाला एकच माणूस तयार नव्हतं, ते म्हणजे आजी. आजीचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी रोज जिना चढ-उतर करायला सांगितलं होतं, आणि आजीने त्या डॉक्टरांकडे जाणं सोडलं होतं. चार वर्षांत ती गच्चीवर गेली नव्हती. ओल्या कपड्यांची बादली रोज सून न्यायची.

“पळणारी,” आजी हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना आजोबा म्हणाले.

आजी मधेच थांबली. “कोण? मी? मला उभी म्हणा, नाहीतर बसलेली म्हणा. पळणारी या घरात दुसरी कोणी असेल तर बघा.”

“उभी,” आजोबांनी दुरुस्ती केली.

“राहू द्या आई, तुमचा नको,” सून म्हणाली, पण अंगठ्याने काम करून टाकलं होतं.

“एक पूर्णांक नऊ,” आजोबा समाधानाने म्हणाले.

क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी वेळ एक पूर्णांक दोनवर आली. आईने पिशवी भरली. पाण्याच्या तीन बाटल्या, टोपी, जादाची टोपी, जखमेवरच्या पट्ट्या, कॅमेऱ्याची जादा बॅटरी, लेन्स पुसायचं फडकं, भिंगरीचे जादा मोजे. पिशवी कोण धरणार हा प्रश्न बाबाने विचारला नाही.

शाळेच्या मैदानावर एका बाजूला धावपट्टी, दुसऱ्या बाजूला मंडप, आणि मधे पालकांसाठी दोरी. आई दोरीपाशी जागा बघत होती, तेवढ्यात मुख्याध्यापिका लगबगीने आल्या. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, गळ्यातल्या कॅमेऱ्यावर होती.

“आलात, फार बरं झालं. आमच्या फोटोवाल्याने ऐन वेळी पाठ फिरवली. तुम्ही वर्तमानपत्राकडून का?”

“कॅमेरा वर्तमानपत्रवाल्यांचा आहे. मी तिसरीतल्या…”

“वा. मग असं करा, या बाजूला उभ्या राहा. पाहुण्यांना अकरा वाजता निघायचंय, त्यामुळे इकडे शर्यत चालू असताना तिकडे आधीच्या शर्यतीची बक्षिसं देणार. पळणारी मुलंही घ्या आणि बक्षीस घेणारीही. जमेल ना?”

नाही म्हणायचे चांगले पाच-सहा मार्ग आईला नंतर, घरी गेल्यावर सुचले. त्या वेळी तिच्या तोंडून निघालं, “बघते.” आणि मुख्याध्यापिकांनी तिला दोरीच्या आत घेतलं.

“अहो, मी काय करू आता?” तिने नवऱ्याला विचारलं.

“तू एकटी तयार आहेस या गावात,” तो पिशवीआडून म्हणाला. “दूधवाल्याला विचार.”

आजोबा तर भलतेच खूश झाले. सुनेच्या मागे, तारेच्या कुंपणाला टेकून त्यांनी मोक्याची जागा घेतली. तिथून धावपट्टीही दिसायची आणि मंडपही. आजीला सुनेच्या डाव्या हाताला, जरा पुढे, झाडाखाली, प्लास्टिकची खुर्ची मिळाली. “मी इथून हलणार नाही,” तिने बसता बसता जाहीर केलं. “मला उठवू नका.”

पहिलीची मुलं सुटली. “पळणारी,” कुंपणावरून आवाज आला. खडखडखड. मंडपात मुख्याध्यापिकांचा हात वर, शिशुवर्गाचं बक्षीस. “उभी.” टक. दुसरीचे मुलगे. “पळणारी.” मंडप. “उभी.” आईचा अंगठा थेंबावरून असा जाऊ लागला की जणू जन्मभर तिने दुसरं काही केलंच नव्हतं. आजूबाजूचे पालक वळून बघायला लागले. तिच्या कपाळावरची आठी, जी भिंगरीच्या जन्मापासून तिथेच मुक्कामाला होती, ती अर्धा तास कुठेतरी फिरायला गेली.

“आजोबा, तुम्ही क्रीडा खात्यातले का?” एका पालकाने विचारलं.

“छापखान्यातला,” आजोबा म्हणाले. “उभी.”

मग तिसरीच्या मुली रेषेवर आल्या. सहा जणी. भिंगरीच्या अंगात हिरवा टी-शर्ट. तिने दुरून आईकडे पाहून आधी स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं, मग आईच्या कॅमेऱ्याकडे. आईने मान हलवली. अंगठ्याखाली थेंब होता. तिने तो तीनदा चाचपला.

शिट्टी वाजली. सहाही जणी सुटल्या. भिंगरी नेहमीसारखी पाचवी. आईने तिला चौकटीत पकडलं, श्वास धरला, आणि अगदी त्याच वेळी मंडपात दुसरीचे विजेते पाटावर चढले आणि मुख्याध्यापिकांनी इकडे बघून हात वर केला.

आजोबांनी सकाळपासून तो हात वर झाला की जे केलं होतं तेच केलं.

“उभी.”

खेळाच्या सरांनी दोन आठवडे मुलींना एकच गोष्ट घोटून घेतली होती. मोठ्या आवाजात थांबायला सांगितलं की थांबायचं, नाहीतर मैदानाला दोन फेऱ्या. आणि सरांच्या शिट्टीपेक्षा हा आवाज फार मोठा होता. पाच मुली जागच्या जागी थांबल्या. एकीने तर हातही सरळ खाली घेतले. मंडपात पाहुण्यांचा बक्षिसाचा पेला धरलेला हात मुलाच्या डोक्यावर तरंगत राहिला. पाणी प्यायला निघालेले मुलगे थांबले. भिंगरीचा बाबा पिशवीसकट थांबला.

थांबली नाही ती फक्त भिंगरी. आजोबा काहीही ओरडले तरी तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती आपली पळत राहिली, पाच पुतळ्यांच्या मधून, आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिली आली. दुसरी कोणी आलीच नाही.

आईने तबकडीकडे पाहिलं, तर ती एकवर होती. कारण आजोबांचा आवाज तिच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आधी अंगठ्यापर्यंत पोचला होता. एक पूर्णांक दोन सेकंदात, डोळा न काढता, तिने तबकडी एकवर नेऊन टक केलं होतं.

“आला?” भिंगरी धापा टाकत आली. “पाय आले?”

दोघी पडद्यावर वाकल्या. फोटोत पाच मुली पासपोर्टच्या फोटोसारख्या स्वच्छ, नाकावरच्या घामासकट. आणि त्यांच्यामधून, कोणीतरी ओल्या बोटाने पाटी पुसावी तसा, एक हिरवा फराटा.

“हा हिरवा मी आहे?”

“हो गं, राणी.”

“यात पाय कुठेत?”

काका भूत म्हणाला होता ते हे. आईला वाटलं, आता इथेच बसावं. सहा दिवस, उतू गेलेलं दूध, नवऱ्याचे टॉवेलातले दोनशे फोटो, आणि मुलीला दाखवायला काय, तर फराटा.

पलीकडे वेगळंच पेटलं होतं. ज्या पाच जणी थांबल्या त्यांचे पालक सरांभोवती जमले होते. सर हातातली शिट्टी उलटसुलट करत होते. “बाहेरच्या माणसाने मधे आवाज दिला, त्याला मी काय करू?” ते म्हणत होते. बाहेरचा माणूस कुंपणापाशी स्टॉपवॉचकडे टक लावून उभा होता. त्याला त्यात अचानक खूप काही वाचण्यासारखं सापडलं होतं.

“निकाल आहे तसाच राहील,” मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. “ही मुलगी पहिली. चला, पुढची शर्यत.”

आई हरखली की ओशाळली, हे तिचं तिलाच कळेना. भिंगरीला बक्षीस. मंडपात, सावलीत, एकवर. तेवढ्यात भिंगरी तिचा हात सोडून सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, शर्यत परत घ्या.”

“अगं, तू पहिली आलीयेस.”

“हो, पण माझे पाय आले नाहीत.”

सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन होते. त्यांनी तिच्या आईकडे पाहिलं. आईने कॅमेरा दाखवला. पण पाच पालकांना ही मागणी फारच आवडली. “बघा, मुलीचा मोठेपणा बघा,” त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, आणि शर्यत परत घ्यायचं ठरलं.

आई कुंपणाशी गेली. “अप्पा,” ती हळूच म्हणाली, “या वेळी मी माझी माझी करते. तुम्ही नुसतं बघा.”

“मी ओठ शिवून घेतलेत,” आजोबा म्हणाले. ते खरंच खजील झाले होते. “एक अक्षर बोलणार नाही. मात्र वेळ मोजतो.”

आईने मंडपाकडे सरळ पाठ केली. बक्षिसांना काळोख तर काळोख. थेंब अंगठ्याखाली, अंगठा घट्ट. मुली पुन्हा रेषेवर. शिट्टी. भिंगरी चौकटीत आली, हिरवी, स्वच्छ, जीभ बाहेर. आईने बोट दाबलं आणि दाबूनच धरलं.

मंडपात मुख्याध्यापिकांनी पुन्हा हात वर केला. आजोबांनी शब्द दिला होता आणि तो त्यांना पाळायचाही होता. पण बत्तीस वर्षांची सवय शब्दाच्या आधी छातीत पोचते. त्यांनी श्वास घेतला. छाती भरली. आजोबांची छाती अशी भरली की पुढे काय येतं, हे त्या मैदानावर एकाच माणसाला एक्केचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. ते माणूस झाडाखाली खुर्चीत बसलेलं होतं.

“उ…” एवढंच ऐकू आलं. त्यापुढे ऐकू आला तो आजीचा तळहात, आजोबांच्या तोंडावर बसल्याचा.

“एक अक्षर म्हणाला होतात ना? झालं तुमचं एक अक्षर,” आजी म्हणाली.

शर्यत बिनबोभाट पार पडली. भिंगरी चौथी आली. “एकीने पुढे गेले मी गेल्या वर्षीपेक्षा,” ती म्हणाली, आणि पडद्यावर डोकवायला लागली. पण उन्हात पडद्यावर काही दिसेना, बॅटरीही संपत आली होती, आणि जादाची बॅटरी पिशवीत सगळ्यात खाली, मोज्यांच्या आत होती. मग चौथी ते सातवी राहिलीच होती. आईने ती सगळी काढली. आजोबांच्या शेजारी आजी बसून राहिली, हात तयार ठेवून.

संध्याकाळी काका कॅमेरा न्यायला आला. हॉलमधल्या टीव्हीला वायर जोडली गेली. वकीलबाई पट्टी घेऊन खालून आली, आणि सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसली. आई दाराशी उभी राहिली. तिला बसवेना.

पहिला फोटो. भिंगरी अगदी स्वच्छ. उजवा पाय जमिनीवर.

“एक पाय खाली,” वकीलबाईने नोंदवलं.

दुसरा. डावा पाय जमिनीवर. तिसरा. पुन्हा उजवा. चौथ्यात पाय उचलला जात होता, टाच सुटली होती, आता सुटणार, आता सुटणार, असं वाटत होतं. काकाने पाचवा लावला.

पाचव्यात भिंगरी मागे धूसर झाली होती. डाव्या कडेने एक खांदा आत आला होता.

“कॅमेऱ्याने जवळचं माणूस धरलं,” काका म्हणाला. “कोण आडवं आलं मधे?”

आजी उठायला लागली. “मी चहाचं बघते.”

“बसा हो आई, मी ठेवलाय,” सून म्हणाली.

सहावा, सातवा, आठवा. आणि मग नववा. काकाचा हात थांबला.

टीव्हीभर आजी होती. ऊन अंगावर, चष्मा एका कानाला लटकलेला, उजवा हात पुढे ताणलेला. एक चप्पल पायात होती. दुसरी मागे, हवेत, स्वतंत्रपणे निघाली होती. आणि आजीच्या दोन्ही पायांखाली, मोकळी, उन्हाने भरलेली, चांगली वीतभर हवा होती. खाली जमिनीवर तिची सावली पडली होती, आणि सावलीचा आजीशी कुठेही संबंध येत नव्हता.

आई दारातून दोन पावलं आत आली.

“वहिनी,” काका शेवटी म्हणाला, “मी वीस वर्षं खेळाडू काढतोय. असा एक नाही माझ्याकडे.”

“पुढचा लाव,” आजी म्हणाली.

“थांबा,” वकीलबाई म्हणाली. ती पट्टी घेऊन टीव्हीशी गेली. आधी उजव्या पायाखाली पट्टी धरली, मग डाव्या. मग तिने वळून सगळ्यांकडे पाहिलं. “दोन्ही वर आहेत. पण हे भिंगरीचे पाय नाहीत. पैज भिंगरीच्या पायांवर होती.”

आईचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांसमोरून खिडकी, गॅरेज आणि मांजरीची पिल्लं, सगळं एका रांगेत निघून गेलं. पण भिंगरी शांत होती.

“ही माझी आजी आहे,” ती म्हणाली. “हिचे गुडघे दुखतात. हिला गच्चीवर जाता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरी जाता येत नाही. हिचे दोन्ही पाय वर जातात, तर माझे जात नसतील का?”

वकीलबाईने विचार केला. तिने पुन्हा एकदा फोटो पाहिला, मग खुर्चीतल्या आजीला पाहिलं, मग आजीच्या गुडघ्यांना.

“मान्य,” ती म्हणाली आणि पट्टी खिशात घातली. “पण पिल्लं मोठी झाली की मलाही दाखवायची.”

आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकवून चहा प्यायला. तो गार झालेला होता, पण तिला कळलं नाही. नववा फोटो ग्रुपवर गेला आणि आत्याचा लगेच निरोप आला, “आईला काय झालं? कोण मागे लागलंय?” आजी रागावल्यासारखी बसली होती. मात्र काका निघाला तेव्हा त्याला दारापर्यंत सोडायला गेली, आणि तिथे हळू आवाजात त्याला म्हणाली, “याची मोठी प्रत निघते का रे? चप्पल दिसली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी रविवार. आईने भिंगरीचा हिरवा टी-शर्ट हाताने धुऊन पिळला आणि बादलीत टाकायला वळली, तर बादली जागेवर नव्हती. तिने मोरीत पाहिलं, बाल्कनीत पाहिलं. आजीची खुर्ची रिकामी होती. आजोबांचीही. हातात टी-शर्ट तसाच घेऊन ती दार उघडून जिन्यात आली.

वरून, गच्चीच्या दारातून, मशीनरूममधला आवाज खाली आला.

“बावन्न सेकंद.”

“बावन्न कसे?” आजीला धाप लागली होती. “मधे दूधवाल्याला वाट दिली, ते धरू नका. मी खाली जाऊन परत येते. घड्याळ नीट लावा.”

आई दोन पायऱ्या मागे सरकली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. वाट मोकळी असलेली बरी.